"बीपी लो झालं" म्हणजे नेमकं काय?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली. कारण विचारलं तर ताई म्हणाल्या, "बीपी लो होतंय, सलाईन लावायचंय." पेरणीपासून ही तिसरी वेळ. मी विचारलं, बीपी किती होतं? तर मोजलंच नव्हतं! चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणजे लो असणार, असं धरून चाललेलं.

बीपीचे दोन आकडे असतात. वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० च्या खाली गेला तर त्याला लो म्हणतात. पण नुसता आकडा कमी म्हणजे आजार नव्हे. माझंच बीपी ९६/६२ च्या आसपास असतं आणि मी दिवसभर गाडीवर गावं फिरते. आकडा कमी आणि सोबत त्रासही होत असेल, तेव्हा लक्ष द्यायचं.

आपल्याकडे जास्त त्रास होतो तो उठताना. निंदायला तासभर उकिडवं बसलं आणि झटकन उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, डोक्याला क्षणभर कमी पडतं. अंगात पाणी कमी असेल तर जास्तच. आणि पाणी कमी का असतं? शेतात लघवीला आडोसा नाही, म्हणून आपण पाणीच पीत नाही. हे कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण मी जाते त्या बहुतेक गटांत हेच ऐकते. चौघी मिळून साडीचा आडोसा करा, पण पाणी प्या. त्यात सकाळी नुसता चहा, चतुर्थीचा उपास आणि डोक्यावर ऊन. मग भोवळ येणारच.

उठण्याआधी पायाचे पंजे दहा-बारा वेळा हलवा, मग हळू उठा. अंधारी आली तर लगेच खाली बसा, जमलं तर आडवं होऊन पाय उंच ठेवा. लाज वाटून तसंच उभं राहू नका, पडून हात मोडलेल्या बाया मी पाहिल्यात. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट प्या. चमचा चहाचा, छोटा. मात्र ज्यांना हाय बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी मनानं मीठ वाढवायचं नाही. हाय बीपीची गोळी चालू असून चक्कर येत असेल तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा.

आता सलाईनचं. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. गोड सलाईन असेल तर साधारण पंचवीस ग्रॅम साखर. एका भाकरीपेक्षा जास्त ताकद त्यात नाही. तोंडानं काही पोटात राहत नसेल किंवा अंगातलं पाणी फार गेलं असेल तर सलाईन लागतंच, पण अशक्तपणावर ते औषध नाही.

त्या ताईंना आशाताईंसोबत उपकेंद्रात पाठवलं. बीपी निघालं ११०/७०, म्हणजे चांगलं. हिमोग्लोबिन मात्र ८. बाईचं निदान १२ तरी हवं. पाळीत अंगावरून जास्त जात होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तपासणीला पैसे लागले नाहीत. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत. पाळीसाठी ग्रामीण रुग्णालयात दाखवायचंय.

शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, शौचाला डांबरासारखं काळं झालं (लोहाच्या गोळ्यांनी थोडं काळं होतंच, त्याला घाबरू नका), किंवा गरोदर बाईला चक्कर येऊन रक्त जात असेल, तर मीठ-साखरेत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीला बीपीचं मशीन घेऊन येते. येण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, आल्यावर पाच मिनिटं शांत बसा, मग मोजू. एकदा बसून, एकदा उभं राहून. वरचा आकडा उभं राहिल्यावर २० नं उतरला तर तुमची चक्कर उठण्यातली आहे, हे तिथंच कळेल.