बिनतारी संदेश : छंद आणि मर्यादा
पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा गडचिरोलीशी असलेला रस्ता बंद होतो. अशा वेळी बिनतारी संदेशाचे महत्त्व विशेषत्वाने प्रत्ययास येते.

काही देशांत ‘स्कॅनर’ नावाच्या यंत्रावर पोलिसांचे संदेश ऐकण्याचा छंद रूढ आहे. भारतात मात्र असे संदेश अनधिकृतपणे टिपणे दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ अन्वये दंडनीय आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात गस्तीची वार्ता फुटल्यास जवानांच्या जीवितास धोका संभवतो, हे ध्यानी घेतल्यास या निर्बंधामागील हेतू स्पष्ट होतो.

तथापि या छंदाला विधायक मार्ग उपलब्ध आहे. विहित परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या नागरिकास हौशी रेडिओचा, म्हणजेच ‘हॅम’चा, परवाना मिळतो. हे केंद्र बॅटरीवर चालते. त्याला टेलिफोनची तार वा मोबाइलचा मनोरा लागत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअर येथील हॅमचालकांनी आप्तांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचविले होते.

हवामानाच्या इशाऱ्यांसाठी तर परवान्याचीही आवश्यकता नाही. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे अंदाज सर्वांसाठी खुले असतात. ते पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर नित्य लावावेत आणि शिक्षकांनी होतकरू विद्यार्थ्यांना हॅम परीक्षेची वाट दाखवावी. संकटसमयी गावाचा आवाज बाहेर पोहोचण्यास त्यामुळे निश्चितच साहाय्य होईल.