दूर पल्ल्याची बाँबफेकी विमाने, क्रूझ क्षेपणास्त्रे आणि आपली मुंबई

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

१९७१ च्या डिसेंबरात मुंबईकरांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, मोटारींचे दिवे काळे केले आणि भोंगा वाजला की घरातला दिवा घालवला. या साऱ्या तयारीच्या मुळाशी एक गृहीत होते. शत्रू विमानातून येईल, वरून खाली पाहील आणि जे दिसेल त्यावर बाँब टाकील. ते गृहीत आता कितपत खरे राहिले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

क्रूझ क्षेपणास्त्र म्हणजे वैमानिक नसलेले छोटे विमानच. पंख, इंजिन आणि पोटात स्फोटके. ‘अग्नी’सारखे क्षेपणास्त्र खूप उंच जाऊन कमानीने खाली येते, हे मात्र आडवे उडते, आणि तेही समुद्रावर असेल तर लाटांपासून थोड्याच उंचीवरून. त्याला गावातले दिवे पाहण्याची गरज नसते. जायचे ठिकाण त्याच्या यंत्रात आधीच भरलेले असते. तेव्हा काळा कागद त्याच्यापुढे निरुपयोगी.

पण खरी अडचण आणखी वेगळी आहे, आणि ती भूगोलाची आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे क्षितिजाखालचे काही रडारला दिसत नाही. हे अंतर काढण्याची एक सोपी रीत आहे (कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, एवढेच गणित आहे): रडारची उंची आणि येणाऱ्या वस्तूची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोहोंची वर्गमुळे काढून बेरीज करावी आणि तिला ४.१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. किनाऱ्यावर २५ मीटर उंचीचे रडार आहे आणि बाँबफेकी विमान १०,००० मीटरवरून येत आहे असे समजू. ते सुमारे ४३० किलोमीटरवर क्षितिजावर येते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने त्याला पोहोचायला जवळजवळ २९ मिनिटे लागतात. आता त्याच वेगाचे क्षेपणास्त्र १६ मीटरवरून येत असेल, तर ते ३७ किलोमीटरवर प्रथम दिसेल. हातात राहतात अडीच मिनिटे!

भोंगा हे २९ मिनिटांच्या काळातले साधन आहे.

या अस्त्राचा धक्का काय असतो, हे १९७१ सालीच दिसून आले, आणि तो धक्का देणारे आपणच होतो. ४ डिसेंबरच्या रात्री, मुंबईस मुख्य ठाणे असलेल्या आपल्या पश्चिम नौदल विभागाच्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र-नौका कराचीजवळ पोहोचल्या. ‘निर्घात’ने सोडलेले रशियन बनावटीचे क्षेपणास्त्र ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेकडे निघाले, तेव्हा खलाशांना आकाशात उजेड येताना दिसला. ते भारतीय विमान आहे असे समजून त्यांनी त्यावर विमानविरोधी तोफा डागल्या. नौकेला तडाखा बसल्यावरही विमानाने हल्ला केल्याचाच संदेश त्यांनी तारायंत्राने पाठवला. दुसऱ्या क्षेपणास्त्रानंतर ‘खैबर’ बुडाली. आपल्या विजयाची ही हकीकत आपण दरवर्षी नौदल दिनी अभिमानाने ऐकतो. ती ‘खैबर’च्या बाजूनेही एकदा वाचून पाहावी, असे मला वाटते.

मग बचाव मुळीच नाही काय? तसे नाही. १९४४ च्या जूनपासून जर्मनीने लंडनवर ‘व्ही-१’ हे या जातीचे पहिले अस्त्र सोडले. जुलैत इंग्रजांनी विमानविरोधी तोफा शहराजवळून हलवून समुद्रकिनाऱ्यावर नेल्या, त्यांना रडारची आणि नव्या प्रकारच्या गोळ्यांची जोड दिली, आणि पाडलेल्या अस्त्रांचे प्रमाण झपाट्याने वाढले. आज रडारच विमानावर बसवून उंच नेतात, म्हणजे क्षितिज लांबते; आपल्या हवाई दलाची ‘नेत्र’ विमाने याच कामाची. माझगाव गोदीत बांधलेल्या आणि २०१४ साली नौदलात दाखल झालेल्या ‘कोलकाता’ या विनाशिकेवर ‘बराक-८’ क्षेपणास्त्रे आहेत, ती येणाऱ्या क्षेपणास्त्राचा वेध घेऊ शकतात. मात्र हे सारे महाग असते. २०१८ साली रशियाशी ‘एस-४००’च्या पाच तुकड्यांचा करार झाला तो सुमारे ५४३ कोटी डॉलरचा. एवढ्या किमतीची छत्री गल्लीगल्लीवर धरता येत नाही. काय झाकायचे ते आधी ठरवावे लागते.

बाँबफेकी विमानेही अडगळीत गेलेली नाहीत. रशियाचे ‘तुपोलेव्ह-९५’ आणि अमेरिकेचे ‘बी-५२’ ही दोन्ही १९५२ साली प्रथम उडाली आणि अजून सेवेत आहेत. फरक इतकाच की त्यांना आता शहरावर यावे लागत नाही. २०२२ पासून युक्रेनवरील हल्ल्यांत ‘तुपोलेव्ह’ विमाने रशियाच्याच आकाशातून क्षेपणास्त्रे सोडून परत फिरली आहेत. तेथील नागरिकांना यातूनच थोडा अवधी मिळतो: विमानाने धावपट्टी सोडल्याची खबर आली की सावध व्हायचे. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ड्रोन पाठवून ही विमाने त्यांच्या तळांवरच जाळली, त्यामागचा हिशेब हाच.

७ मे २०२५ रोजी मुंबईत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, भोंगे वाजले. आजीने ७१ सालचे भोंगे ऐकले आहेत. रडार म्हणजे काय हे तिला मी सांगितले, पण तिचा प्रश्न निराळा होता: “वाजल्यावर जायचं कुठं?” आम्ही मरोळचे, विमानतळाला खेटून राहणारे. विमानतळ झाकला जाईल, पण शत्रूचा नेमही तेथेच असणार, आणि चुकलेला नेम शेजाऱ्यावर पडतो. मरोळ नाक्याला २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. आमच्या चाळीपासून त्याच्या फलाटापर्यंत मी घड्याळ लावून चाललो. बारा मिनिटे लागली, आणि माझे पाय एकोणीस वर्षांचे आहेत.

आसरा गाठायला वेळ नसेल तर बाहेरच्या बाजूला आणि आपल्यामध्ये दोन भिंती असतील अशा जागी, काचांपासून दूर बसावे, असे युक्रेनमध्ये लोकांना सांगतात. आमची खोली दहा बाय बाराची. तिला एका बाजूस गॅलरी आहे, दुसऱ्या बाजूस खिडकी. दोन भिंतींआडची जागा आमच्या मजल्यावर एकच निघाली, जिन्याखालची, आणि तेथे सध्या पाण्याची पिंपे आहेत.