आवाजाचा त्रास : प्रश्न आपल्या भाषेत हवा



वस्तीतल्या तपासणीत आम्ही विचारतो, "आवाजाचा काही त्रास?" उत्तर येते, "नाही ताई, त्रास कसला?" मग विचारतो, "फोनवर समोरचा म्हणतो का, ऐकू येत नाही, परत सांगा?" तेव्हा लगेच, "हो, रोजच!" त्रास आधीही होता, पण पहिल्या प्रश्नात तो सापडला नाही. म्हणून प्रश्न कसा तयार होतो हे समजून घेऊ. त्यासाठी पोलंड देशाचे उदाहरण पाहू.

दुर्बिणीला काय दिसत नाही?

घशात दुर्बीण घालून डॉक्टर स्वरतंतू पाहतात. गाठ, सूज दिसते. पण त्या गाठीमुळे शिक्षिकेला वर्ग घेता येतो का, ती चारचौघांत बोलायचे टाळते का, हे दुर्बिणीत दिसत नाही. ते तिनेच सांगायचे असते. त्यासाठी १९९७ साली अमेरिकेत बार्बरा जेकबसन आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात ३० विधाने आहेत : १० रोजच्या व्यवहाराची, १० शरीराला जाणवणाऱ्या त्रासाची, १० मनाची. प्रत्येकाला ० (कधीच नाही) ते ४ (नेहमी) गुण. एकूण १२०. गुण जास्त, तर त्रास जास्त.

पोलिश भाषेत आणताना

पोलंडमध्ये शिक्षकांच्या आवाजाचा प्रश्न मोठा आहे. निदान १५ वर्षे आवाजावर ताण पडणारे काम करून जडलेले स्वरयंत्राचे ठरावीक जुनाट विकार तिथल्या कायद्याने व्यवसायजन्य आजार मानले आहेत. त्यामुळे शिक्षकाचा त्रास नीट मोजणे गरजेचे. २००४ साली तिथल्या डॉक्टरांनी ही प्रश्नावली पोलिशमध्ये आणली.

इंग्रजी नावातला 'हँडिकॅप' हा शब्द त्यांनी तसाच उचलला नाही. 'आवाज नीट काम न करणे' अशा अर्थाचा पोलिश शब्द घेतला. आणखी एक अडचण भाषेची. इंग्रजीत 'मी वैतागलो' आणि 'मी वैतागले' हे एकच वाक्य. पोलिशमध्ये मराठीसारखेच स्त्री-पुरुषांचे रूप वेगळे. शिक्षकांत बायका पुष्कळ. फॉर्मवर फक्त पुरुषाचे रूप छापले, तर बाईला तो प्रश्न परक्याचा वाटणार.

म्हणून अशा कामाची रीत ठरलेली असते. दोघे जण वेगवेगळे भाषांतर करतात आणि ते ताडून एक करतात. मग मूळ न पाहिलेली व्यक्ती ते उलट इंग्रजीत आणते. अर्थ कुठे घसरला ते तिथे कळते. पुढे काही रुग्णांना वाचायला देऊन विचारतात, "यातून तुम्हाला काय समजले?" शेवटी दोन कसोट्या. उपचार नसताना त्याच माणसाने काही दिवसांनी परत भरले, तर गुण जवळपास तेच यावेत. आणि आजारी माणसाचे गुण निरोगी माणसापेक्षा स्पष्ट वेगळे दिसावेत.

हे आपल्याला नवीन नाही

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात कथा आहे. जन्माने ब्राह्मण असलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वैदिक भाषेत, बांधण्याची परवानगी मागितली. भगवान बुद्धांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. मग दवाखान्यातला प्रश्न तरी परक्या भाषेत का असावा? शाहीर, भीमगीते गाणारे, भाजीवाली, आशाताई, अंगणवाडी सेविका यांचे पोट आवाजावर चालते. त्यांच्या सांगण्याला तपासणीइतकेच मोल आहे.

एवढे लक्षात ठेवा

- दवाखान्यात इंग्रजी फॉर्म पुढे केला, तर "मराठीतून विचारा" असे सांगा. न समजता सही-अंगठा देऊ नका.
- दुसऱ्याने फॉर्म वाचून दाखवला, तरी उत्तर रुग्णाचेच. सासूचे उत्तर सुनेने किंवा बायकोचे नवऱ्याने देऊ नये.
- प्रश्नावली त्रास मोजते, रोग ओळखत नाही. गुण कमी आले म्हणून तपासणी टाळू नका.
- आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तंबाखू, मिश्री, विडी, दारू असेल तर अजिबात अंगावर काढू नका. घशाचा कर्करोग असाच सुरू होऊ शकतो.
- घोगरेपणासोबत गिळायला त्रास, थुंकीत रक्त किंवा मानेत गाठ असेल, तर तीन आठवडे थांबू नका. श्वास घेताना घरघर असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर शेजारच्या आजीला "बरं आहे ना?" एवढेच विचारू नका. "आजी, बोलताना दम लागतो का? लोक परत विचारतात का?" असे विचारा. आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!