पीओपीच्या वर काय दडलंय, ते आधी बघा

माळवदाच्या घराचा इसार देण्याआधीच मी मालकांना म्हटलं होतं, "भाऊ, हे पीओपी एका कोपऱ्यात उघडून दाखवा." ते हसले. "सागाच्या तुळया हायेत, आमच्या आज्याच्या काळच्या. अन् छत फोडल्यावर तुम्ही सौदा मोडला, तर भरून कोण देईल?" मी बघितलंच नाही, असं आता ते वाटूर गावभर सांगत फिरतात, म्हणून हे आधी लिहिलं.

खरेदीखतानंतर पंख्याच्या हुकासाठी वायरमनने छताला भोक पाडलं, तर त्याच्या डोक्यावर माती अन् भुसा. त्याने तुळईला स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर न लावताच मुठीपर्यंत आत. रंग शाबूत, आत लाकूड नाही. भिंतीकडच्या टोकाला वाळवीची ओलसर नळी, आणि तिथेच नवी लोखंडी पट्टी, चकचकीत नटबोल्ट! म्हणजे ठाऊक होतं. पट्टी मारून वर पीओपी चढवलं. फोन केला तर म्हणाले, "घेतानाच बघायचं ना."

माळवदाचं घर घेणाऱ्यांनो, छत फोडावं लागत नाही. पीओपीतले गोल दिवे स्प्रिंगवर असतात. मेन स्विच बंद करून दिवा खाली ओढा, भोकातून मोबाईल वर घाला, टॉर्च लावून व्हिडिओ काढा. नाहीतर वायरचा कॅमेरा मिळतो, तो मोबाईलला जोडा. तुळईचा मधला भाग सगळेच दाखवतात. तुम्ही भिंतीत शिरणारं टोक बघा, ओल अन् वाळवी तिथूनच येते. मग वर चढा. गळती थांबवायला मातीवर सिमेंटचा कोबा केला असेल तर सावध व्हा. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे पाच टनांच्या वर ओझं, त्यात कोब्याची भर. असली जड छतं काय करतात, ते 1993 साली किल्लारीच्या भूकंपाने दाखवलंय. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर बांधकामाचा प्रकार काय लिहिलाय, तोही वाचा. बाकी कागदपत्रं तपासा, घाई करू नका, वगैरे सगळे सांगतातच.

आणि 'बघायचं ना' म्हणणाऱ्यांसाठी: 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं की, विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. दुरुस्तीआधी फोटो काढा. त्या पट्टीचे, नटबोल्टसकट, मी काढून ठेवलेत.