परदेशवारीचा खर्च आणि आयकर

अमेरिकेतील विद्यापीठांत प्राध्यापकाला काही वर्षांच्या नोकरीनंतर अभ्यासरजा मिळते. तिला तिकडे सॅबॅटिकल म्हणतात. या रजेत तो परदेशी गेला तर विमानभाडे व मुक्कामाचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होतो काय? प्रश्न प्राध्यापकाचा असला तरी उत्तरात व्यापाऱ्याच्या कामाचे बरेच आहे.

१९८६ साली तेथील कायदा बदलला. फ्रेंच शिकवणारा शिक्षक भाषा मुरावी म्हणून फ्रान्सभर हिंडला, तर त्याचा खर्च नामंजूर. प्रवासाने ज्ञान वाढते, एवढे कारण पुरत नाही. पण फ्रेंच साहित्याचा अभ्यासक इतरत्र होऊच न शकणारे नेमके संशोधन करायला पॅरिसच्या ग्रंथालयात गेला, तर तो खर्च व्यवसायाचा. देश एकच, फरक कामाचा. एका ठिकाणी वर्षाहून अधिक राहायचे ठरले, तर तो मुक्काम तात्पुरता समजला जात नाही आणि वजावट जाते. पत्नीचे तिकीट तर सहसा धरतच नाहीत.

२०१८ पासून मात्र प्राध्यापकासारख्या नोकरदाराने पदरमोड करून केलेला असा खर्च तेथील केंद्रीय करात वजाच होत नाही. २०२५ च्या कायद्याने ही बंदी कायमची केली. विद्यापीठाने पावत्या पाहून पैसे भरून दिले, तर ते उत्पन्नात धरत नाहीत. स्वतःचा धंदा असलेल्याची वजावट अजून शाबूत आहे.

आपल्याकडे १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ३७(१) सांगते की, खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, खासगी नको. २०२५ च्या नव्या कायद्यातही तत्त्व हेच आहे. समजा, मालेगावचा एक कापड व्यापारी गिऱ्हाईकांना भेटायला दुबईला गेला आणि परतताना बेगमसह उमरा करून आला. दुबईचे त्याचे स्वतःचे तिकीट व हॉटेल धंद्याच्या खर्चात जाईल. जेद्द्याचे तिकीट, मक्का-मदिनेचा मुक्काम आणि बेगमचा सारा खर्च उचल खात्यात लिहावा. इबादतीचा खर्च धंद्याच्या नावावर टाकणे कायद्यात बसत नाही, आणि आपल्या मनालाही पटू नये.

अधिकारी चौकशी करतो ती बहुधा दोन-तीन वर्षांनी. तोवर कोणत्या दिवशी कोणाला भेटलो, हे आठवत नाही. म्हणून गिऱ्हाईकांशी झालेला पत्रव्यवहार, भावपत्रके, हॉटेलची बिले, बोर्डिंग पास आणि परकीय चलन घेतल्याची पावती एका फाईलीत लावावी. रोजच्या भेटी वहीत त्याच रात्री लिहाव्यात.