एका डब्यात दोन बिऱ्हाडं

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, तालीम मंडळांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अशी कामं. दुकानातल्या मुख्य संगणकावर विंडोज १० आणि लिनक्स मिंट अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. बटण दाबलं की तो आधी विचारतो, कोणती हवी? यात हौसेचा भाग थोडा. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे बरंच आधी जाहीर झालं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा चौथ्या पिढीचा. यंत्र ठणठणीत आणि तरी बाद! नवीन घ्यायला खिसा तयार नव्हता, स्वभाव तर त्याहून नव्हता. भाचा म्हणाला, "मावशी, शेजारी लिनक्स टाक की." त्या शेजाराचे हे अनुभव.

१. आपल्याला नेमकं काय सोडवत नाही, ते दुसरी सिस्टिम टाकायला बसल्यावर कळतं. चारचौघांत मी तोऱ्यात सांगत होते, आता विंडोज कायमचं बंद. मग यादी केली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तिचा यूएसबीत खोचायचा डोंगल, २००१ साली आलेला आणि पुढची आवृत्तीच न निघालेला पेजमेकर ७, हिशेबाची टॅली, आणि या सगळ्यांत साठलेल्या इतक्या वर्षांच्या फाइली. यातलं काहीच लिनक्सवर सरळ चालत नाही. मग उरलं काय? ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, बँक, पीडीएफ. तोरा तिथंच उतरला, पण वाटप मात्र बेस झालं. बाहेरच्या जगाशी बोलायचं ते मिंटमधून; विंडोजच्या बाजूला नेटवर्कच बंद करून ठेवलं. अपडेट नसलेली सिस्टिम इंटरनेटवर न्यायचीच नाही म्हटल्यावर निम्मी काळजी मिटली.

२. टाकण्याआधी चालवून बघता येतं, हे मला फार वर्षं ठाऊकच नव्हतं. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची. रुफससारख्या छोट्या प्रोग्रॅमनं ती पेन ड्राइव्हवर चढवायची आणि त्या पेन ड्राइव्हवरूनच संगणक सुरू करायचा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही, आणि अख्खी सिस्टिम समोर उघडते. मी तशीच चार दिवस दुकान चालवून बघितलं. वायफाय लागलं, स्कॅनर लागला. मोठा प्रिंटर काही न सांगता ओळखला गेला. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तो छोटा लेझर प्रिंटर मात्र अडून बसला. तो आता विंडोजच्या वाट्याला.

३. हार्ड डिस्कवरची रिकामी जागा रिकामी असतेच असं नाही. सी ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त मोकळा दिसत होता, पण विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो लहान करायला गेले तर थोडीशीच जागा सुटायला तयार. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, रिस्टोअर पॉइंट असली न हलणारी मंडळी ड्राइव्हच्या मधोमध बसलेली असतात. त्यांना तात्पुरतं बंद करायचं, संगणक पुन्हा सुरू करायचा, मग जागा सुटते. या कामाच्या मध्येच वीज गेली तर काय होईल, हा विचार कोल्हापुरात पावसाळ्याच्या तोंडावर करावाच लागतो, म्हणून आधी यूपीएसची बॅटरी बदलली. बॅकअपचं आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आणि व्हीनस कॉर्नरला चढलं, तेव्हापासून बाहेरची हार्ड डिस्क वरच्या मजल्यावर असते आणि संगणक टेबलाखाली नाही, टेबलावर. भाचा बॅकअपबद्दल लांबलचक समजावायला लागला, तेव्हा मी त्याला नुसतं जिन्याकडं बोट दाखवलं.

४. भांडण खोल्यांवरून होत नाही, दरवाजावरून होतं. दोन बिऱ्हाडं आपापल्या जागेत सुखानं राहतात, पण वाड्याचा दिंडी दरवाजा एकच. २०१२ नंतरच्या बहुतेक संगणकांत हा दरवाजा म्हणजे ईएफआय नावाचं एक चिमुकलं पार्टिशन, विंडोजनं केलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. त्यातच विंडोजचा बूट मॅनेजर राहतो आणि तिथंच लिनक्सचा ग्रब येऊन बसतो. म्हणून विंडोज आधी आणि लिनक्स नंतर टाकावं. ग्रब विंडोजला ओळखून यादीत घेतो, विंडोजला मात्र लिनक्सची दखल घ्यायची सवय नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरातल्या अशा जोड-संगणकांपैकी कित्येकांवर लिनक्स सुरूच होईना, तेही याच दरवाजापाशी. आणखी एक बारीक गोष्ट. बूट मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय लिहिलेला, एकदा नुसता. विंडोज ज्या पद्धतीनं टाकलंय त्याच पद्धतीचा निवडायचा, नाहीतर दोघांची गाठच पडत नाही.

५. वेळ ही दोघांच्या मते वेगवेगळी गोष्ट आहे. ही मला सगळ्यात जास्त आवडलेली भानगड. मिंट आल्यावर आमचा ऑपरेटर एके दिवशी म्हणाला, "ताई, मी काय पहाटे पाचला येऊन कामं करतोय व्हय?" विंडोजमध्ये त्याच्या फाइलींवर पहाटे पाचची वेळ होती, आणि दुकान आम्ही साडेदहाला उघडतो. मला वाटलं, मदरबोर्डवरचा सेल गेला. नवा सेल घातला. पुन्हा तेच. मग कधीतरी फरक मोजला, तर नेमका साडेपाच तासांचा. साडेपाच म्हटल्यावर भूगोलाचं पुस्तक आठवलं! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतो आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतो. विंडोज डॉसच्या काळापासून मानत आलाय की घड्याळात दिसते तीच स्थानिक वेळ. इंटरनेट असतं तर विंडोजनं आपली वेळ नंतर सुधारून घेतली असती, पण आम्ही त्याचं नेटच तोडलेलं. टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन लिनक्सला सांगितलं, तू स्थानिक वेळ ठेव. त्यानं ऐकलं, पण बजावूनही ठेवलं की उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळं पुढंमागं करण्याच्या बाबतीत यानं घोटाळे होऊ शकतात. भारतात तशी पद्धत नाही, तेव्हा ती सूचना मी मोठ्या दिमाखात दुर्लक्षित केली. ऑपरेटर आता फाइलींच्या लेखीही साडेदहाला येतो. खरं तर अकराला, पण ते वेगळं.

६. विंडोज बंद केलं म्हणजे ते बंद झालं असं नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तिच्यात शट डाउन म्हटल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर उठतो. पण त्या झोपलेल्या ड्राइव्हमध्ये लिनक्सला काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. ती सोय बंद केली, आणि दोघांच्या वापरासाठी एक सामाईक ड्राइव्ह ठेवला. विंडोज सुरू व्हायला आता थोडा उशीर लागतो. तेवढ्यात चहा येतो.

७. खरी दोन टोकं सिस्टिमची नव्हतीच, अक्षरांची होती. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतं तो युनिकोडमध्ये. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. आणि आमच्या जुन्या फाइली लिनक्समध्ये उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, कारण जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी वळणं बसवलेली असतात. बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. पण जुन्या पद्धतीत अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवलेली, ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन मागून, रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. त्यामुळं कन्व्हर्टरला प्रत्येक शब्दात अदलाबदल करावी लागते, आणि तो अधूनमधून गडबडतो. पतसंस्थेच्या अहवालात 'कर्ज' पानोपानी. ते बहुधा नीट यायचं. शेवटी 'कर्मचाऱ्यांचे आभार' आलं की मात्र हटकून मोडायचं, कारण मराठीतला तो अर्धा र कन्व्हर्टर करणाऱ्याच्या ध्यानातच नसावा. शिवाय काही फाँटमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली नाही तर श आणि ल हिंदी वळणाचे येतात. एका आजोबांनी नातीच्या पत्रिकेचं प्रूफ परत पाठवलं ते तेवढ्यासाठी, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट आयतीच मिळते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. बोटांत जुना टाइपरायटर मुरलेला, त्यामुळं सुरुवातीला माझा वेग शिकाऊ पोरासारखा झाला, आणि दुकानातल्या शिकाऊ पोरीचा माझ्यापेक्षा जास्त! मांडणीसाठी स्क्रायबस वापरते. त्याची १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला आली, त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात आणि ऑफसेटसाठी सीएमवायके पीडीएफही निघते. पेजमेकरचा सरावलेला हात त्यात चाचपडतो, पण काम होतं.

८. नव्या यंत्रावर हे सगळं आणखी अवघड जातं, सोपं नाही. भाच्याच्या मैत्रिणीनं नवा लॅपटॉप आणला आणि मला तज्ज्ञ समजून समोर ठेवला. त्यावर बिटलॉकर होतं, म्हणजे डिस्क कुलूपबंद. बूटच्या सेटिंगमध्ये हात घातला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, ती वहीत उतरवून घेतली आणि मगच पुढं गेलो. तरीही लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. स्टोरेजची सेटिंग रेड पद्धतीची होती, एएचसीआय नव्हे. ती नुसती बदलली तर विंडोज रुसतं, आधी सेफ मोडची वाट काढावी लागते. माझं तज्ज्ञपण तिथं संपलं. भाच्यानं पुढं होऊन ते काम केलं, आणि मी शेजारी बसून मान डोलावली.

९. एका वेळी एकच, हीच या व्यवस्थेची अडचण आणि हाच तिचा फायदा. एकातून दुसऱ्यात जायचं तर सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. एरवी मी पानं जुळवता जुळवता ईमेल, बँक, पत्रिकेसाठी गणपतीची चित्रं असं फिरत असायचे. आता त्या फेऱ्यांना मोल आलं. म्हणून सकाळी मिंटमध्ये आलेला मजकूर गोळा करायचा, बदलून सामाईक ड्राइव्हवर टाकायचा, आणि दुपारी विंडोजमध्ये जाऊन नेटशिवाय एकटाकी पानं लावायची, अशी शिस्त लागली. मला शिस्त लागेल असं आमच्या घरात कुणालाही वाटलं नव्हतं.

मेन्यूत वर कोण असावं यावर मात्र दुकानात दोन तट आहेत. ऑपरेटर श्रीलिपीवाला, शिकाऊ पोरगी मिंटवाली. ग्रबमध्ये मागच्या वेळी निवडलेली सिस्टिमच पुढच्या वेळी आपोआप सुरू करायची सोय आहे, ती लावून दिली. लग्नसराईत बहुतेक दिवस मिंटच चालतं, कारण पत्रिका आता स्क्रायबसमध्ये होतात. पण सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. ऑगस्ट लागला की सेक्रेटरी लोक ताळेबंदाचे कागद घेऊन येतात, मी म्हणते यंदा अहवाल नव्यानं युनिकोडमध्ये बांधू या, आणि ते म्हणतात, "कशाला वो ताई, गेल्या सालचीच फाइल काढा की, नुसतं आकडं बदला." मग आम्ही डोंगल शोधायला लागतो.