सर्जरी रेसिडेन्सीची मुलाखत : अमेरिकेला निघालेल्या आपल्या डॉक्टरांसाठी

आपल्याकडे एमएस सर्जरीची जागा नीट-पीजीचे गुण आणि कौन्सेलिंगच्या फेऱ्या यांवर मिळते. ‘तुला सर्जनच का व्हायचंय?’ असं समोर बसवून कुणी विचारत नाही. त्यामुळे वस्तीतून, शिष्यवृत्तीवर एमबीबीएस झालेल्या आपल्या मुलामुलींना स्वतःबद्दल बोलायची सवयच लागत नाही. अमेरिकेत परीक्षा दारापर्यंत नेते. दार उघडतं मुलाखतीने. तिथली स्टेप वन परीक्षा जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली, म्हणून आता स्टेप टू सीकेचे गुण, शिफारसपत्रं आणि मुलाखत नीट सांभाळावी लागते.

सप्टेंबरअखेर अर्ज जातात, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती होतात, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल. कोविडपासून बहुतेक मुलाखती व्हिडिओवरच असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. त्या वेळी दहा बाय दहाच्या खोलीत कुकर, टीव्ही, पाहुणे सगळं चालू असतं. घरच्यांनो, तेवढे दोन-तीन तास विहाराची किंवा अभ्यासिकेची खोली मिळवून द्या. नेट आधल्या दिवशीच तपासा.

‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर दोन मिनिटांत संपवा. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. घरची गरिबी सांगायची असेल तर बेधडक सांगा, पण दया मागू नका; त्या परिस्थितीत तुम्ही काय केलंत ते सांगा. ‘तुमच्या हातून झालेली चूक सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. ‘मी फार मेहनत करतो, हीच माझी चूक’ असलं उत्तर देऊ नका. खरा प्रसंग घ्या : काय घडलं, कुणाला कळवलं, रुग्णाचं काय झालं, त्यानंतर कामाची पद्धत कशी बदलली. रुग्णाचं नाव मात्र कुठेही येऊ देऊ नका.

मी थिएटरमध्ये नर्स होते, म्हणून एका प्रश्नावर जरा थांबते. समजा, पोट शिवायला घेतलंय आणि नर्स म्हणाली, ‘डॉक्टर, एक मॉप कमी आहे.’ सीनियर म्हणतात, ‘असेल कुठेतरी, शिवा.’ तुम्ही काय कराल? उत्तर असं : शिवणं थांबवायचं, पुन्हा मोजायचं, पोटात, चादरीत, बादलीत शोधायचं, नाहीच मिळाला तर टेबलावरच एक्स-रे. मॉपमधला धागा एक्स-रेत दिसतो, तो त्यासाठीच घातलेला असतो. सीनियरना हे शांतपणे, पण स्पष्ट सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया चेकलिस्टमध्येही मोजणी आहेच. ‘नर्सचं ऐकेन’ हे वाक्य उगाच नम्रतेसाठी म्हणू नका, कारण सांगून म्हणा.

लग्न, मूल, धर्म यांवरून तिथे निवड करता येत नाही. विचारलंच तर ‘माझ्या कामावर त्याचा परिणाम होणार नाही’ एवढं पुरे. समोर भारतीय डॉक्टर असले आणि आडनाव खोदून विचारू लागले, तरी गावाचं आणि कॉलेजचं नाव सांगून कामाकडे वळा. सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्यानेच बंदी केली, म्हणजे हा विषय आता तिथेही नवा नाही.

तुम्हीही विचारा. ही जागा कॅटेगोरिकल, म्हणजे पूर्ण पाच वर्षांची, की प्रिलिमिनरी, म्हणजे वर्षाची? परदेशी पदवीधरांना बरेचदा प्रिलिमिनरीच मिळते. तिथून आधी किती जण कॅटेगोरिकलमध्ये गेले? बोर्डाच्या परीक्षेसाठी किमान ८५० शस्त्रक्रिया लागतात. इथे रेसिडेंटच्या हातून प्रत्यक्ष किती होतात? व्हिसा कोणता देता? जे-वन असेल तर शिक्षणानंतर सूट न मिळाल्यास दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

शेवटी पसंतीची यादी भरायची. ‘इथे मिळेल की नाही’ या हिशेबाने क्रम लावू नका. मॅचची पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, त्यामुळे वरची जागा हुकली म्हणून खालच्या जागेवरची तुमची संधी कमी होत नाही. मनापासून हवी ती पहिली लिहा. जिथे जायचंच नाही ती मात्र यादीत घालू नका, कारण मॅच झाली की ती बंधनकारक असते.